कडी, कोयंडा आणि शीळफाटा

आमच्या साडूंनी रायफल घ्यायचं मनावर घेतलं तेव्हा आमची गाडी काटई नाक्यावर होती. कोणती घ्यायची हे नक्की झालं तेव्हा ती शीळफाट्याला टेकली होती. मध्ये साडेतीन महिने गेले. गाडी रोज रात्री घरी परत येत होती हे मुद्दाम लिहितो, कारण कल्याण-शीळ रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांचा गैरसमज व्हायचा.

डोंबिवलीहून महापेला आम्ही चौघं एका गाडीने जातो. गाडी साडूंची, पेट्रोल वर्गणीचं, विषय पुन्हा साडूंचाच. पुढे डावीकडे मी. मागे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका. ते आता महापेच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपला सल्ला देतात आणि वर्कशॉपने ऐकला नाही तर तोच सल्ला आम्हाला देतात. त्यांच्या शेजारी सॉफ्टवेअरमधला एक मुलगा. तो कानात बोंडं घालून झोपतो आणि दर फाट्याला एकदा जागा होऊन एखादाच प्रश्न विचारतो. तो प्रश्न मात्र वर्मी लागणारा असतो.

रस्ता सांगायला सोपा आहे. मानपाडा रोडने बाहेर पडलं की काटई, मग पलावाच्या इमारती, देसाईची खाडी, खिडकाळी, पडले आणि मग फाटा. सरळ गेलं की महापे, उजवीकडे मुंब्रा, डावीकडे तळोजा-पनवेल. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर भिवंडीकडे निघतात ते इथूनच आणि भिवंडीचे बंदराकडे निघतात तेही इथूनच. कोणी कोणाला आधी जाऊ द्यायचं हे अजून ठरलेलं नाही. मधोमध मेट्रोचे खांब उभे राहतायत. त्यामुळे ज्या रस्त्यावर पूर्वी नुसतं थांबायला लागायचं, तिथे आता सावलीत थांबता येतं.

साडूंचा स्वभाव सांगायला हवा. त्यांना वस्तू घेण्यात गोडी नाही, निवडण्यात आहे. त्यांच्या घरी अजून मातीचा माठ आहे, कारण आरओ की यूव्ही याचा निकाल लागलेला नाही. फ्रिज निवडायला दोन वर्षं लागली आणि तोवर त्या मॉडेलचं उत्पादन बंद झालं. याचा त्यांना जरासुद्धा खेद नाही. उलट पुन्हा पहिल्यापासून निवडायला मिळणार म्हणून चेहरा खुलला होता.

तर एका रात्री त्यांनी मोबाईलवर अलास्कातला व्हिडिओ पाहिला. निर्मनुष्य डोंगर, बर्फ, दाढीवाला माणूस आणि घोड्याहून उंच, फावड्यासारखी पसरट शिंगं असलेला मूस नावाचा प्राणी. तो दाढीवाला अशा रानात मोठ्या सावजासाठी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कशी निवडावी ते समजावून सांगत होता. ‘निवडावी’ हा शब्द साडूंच्या कानावर पडला आणि त्यांचं कल्याण झालं.

साडू शाकाहारी आहेत. अंडं असलेला केकही खात नाहीत. त्यांनी आयुष्यात केलेली एकमेव शिकार म्हणजे स्वयंपाकघरातला उंदीर. तोही पिंजऱ्यात धरलेला. तो पिंजरा मांडीवर घेऊन मी काटईपासून खिडकाळीपर्यंत बसलो होतो. खिडकाळेश्वराच्या देवळाजवळ साडूंनी त्याला सोडून दिलं, कारण तिथे प्रसादाचं खोबरं मिळतं. असा माणूस दुसऱ्या दिवशी क्लच दाबता दाबता म्हणाला, “गव्याला .२७५ पुरेल की .३७५ लागेल?”

मागचा मुलगा जागा झाला. “पण काका, शिकार बंद आहे ना?”

“निवडायला बंद आहे का?” साडू म्हणाले. बिनतोड होतं. मुलगा पुन्हा झोपला.

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून या देशात बंदूक घेऊन रानात जायचं आणि आवडेल ते जनावर मारायचं हा प्रकार संपला. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी आणि रोह्यासाठी, म्हणजे नीलगायीसाठी, वनखात्याकडे रीतसर परवानगी मागता येते. गव्यासाठी, सांबरासाठी, वाघासाठी हौस म्हणून मागायची सोयच नाही. म्हणजे आमचे साडू ज्या कामासाठी हत्यार निवडत होते ते काम बंद होऊन पन्नास वर्षं उलटली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात पुरणयंत्र आहे.

हत्यार प्रत्यक्षात कसं मिळतं ते पाहायचं तर राजापूरकडे माझ्या मामाकडे जावं. मामाकडे ठासणीची बंदूक आहे, परवाना शेतीसंरक्षणाचा. ती मामाने निवडलेली नाही, आजोबांनीही नाही. विहीर आणि भाऊबंदकी जशी घराबरोबर येते तशी ती आली. नळीत आधी दारू ओतायची, चिंधी गजाने ठासायची, मग छर्रे, पुन्हा चिंधी, मागे केप बसवायची. एवढं होईपर्यंत डुकराने जागेवर थांबावं अशी अपेक्षा असते. माकडांसाठी मामा नुसताच बार काढतो. पहिली दोन वर्षं माकडं पळाली. आता बार ऐकला की ती निवांत होतात, कारण पुढचा भरायला मामाला किती वेळ लागतो हे त्यांना पाठ झालंय. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. लोकसभा झाली की विधानसभा, मग जिल्हा परिषद. मामा म्हणतो, माझ्यापेक्षा बंदूक जास्त वेळा तालुक्याला जाऊन आलीय. माकडांना आचारसंहिता नसते.

मे महिना कॅलिबरमध्ये गेला. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या भोकाचं माप, इंचात सांगतात. .२७५ म्हणजे सात मिलिमीटर, .३१५ म्हणजे आठ. हे सगळं काकांनी बांगड्यांच्या मापावरून समजावलं, सव्वादोन, अडीच, वगैरे. .३०-०६ मधलं ०६ हे माप नसून १९०६ साल आहे, हे कळल्यावर साडूंना दोन दिवस फसवल्यासारखं वाटत होतं. शेवटी ते .३७५वर आले. ते काडतूस १९१२ साली इंग्रजांनी काढलं, आफ्रिकेत आजही त्याने हत्तीची आणि रेड्याची शिकार होते. “घ्यायचं तर मोठंच घ्यावं,” साडू म्हणाले. प्रेशर कुकरच्या वेळीही ते हेच म्हणाले होते.

“खांदा पाहिलायत का स्वतःचा?” काकांनी विचारलं.

इथे मला बोलायचा अधिकार होता. गाडीतला रायफल चालवलेला माणूस मी एकटाच. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला आम्हाला .२२ने पाच गोळ्या मारू दिल्या होत्या. तीही बोल्टचीच. दुसऱ्या दिवशी .३०३ हातात दिली. हवालदार म्हणाला दस्ता खांद्यात घट्ट रोव, श्वास रोखून धर, चाप झटकू नकोस, दाबत जा. मी श्वास रोखला आणि दस्ता रोवायचा विसरलो. त्या दणक्याने खांद्यावर जो डाग उठला तो आठवड्याने जांभळ्याचा पिवळा झाला. हे .३०३चं. .३७५ त्याहून बरीच दांडगी. आणि पहिल्या दिवशीचं सांगायचं तर पाच गोळ्या मारून माझ्या कागदावर सहा भोकं निघाली. शेजारच्या कॅडेटच्या कागदावर चार होती. मी गप्प राहिलो आणि तोही राहिला. मला बक्षीस म्हणून स्टीलची वाटी मिळाली. ती अजून आहे.

या विषयात कॉर्बेट येणारच. जिम कॉर्बेटची मराठी भाषांतरं साडूंच्या कपाटात आहेत, कव्हर घातलेली. त्यांचा आग्रह असा की कॉर्बेटकडे .२७५ रिग्बी होती, म्हणजे निवड तीच योग्य. काकांनी त्यांना मूळ हकीगत सांगितली. चारशे छत्तीस माणसं मारल्याची नोंद असलेली चंपावतची वाघीण कॉर्बेटने १९०७ साली मारली. तेव्हा त्याच्याजवळच्या रायफलीतल्या गोळ्या संपल्या. मग हाकाऱ्याला आलेल्या तहसीलदाराची जुनी बंदूक त्याने हातातून घेतली. ती इतकी खिळखिळी होती की नळी आणि मागची बाजू यांच्यात फट दिसत होती. कॉर्बेटने वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनी. आणि ती सुंदर .२७५ रिग्बी त्याला पुढे या कामगिरीबद्दल बक्षीस म्हणून मिळाली.

“म्हणजे शिकार आधी, रायफल नंतर,” मी म्हटलं.

“हा क्रम मला मान्य नाही,” साडू म्हणाले आणि गाडी पहिल्यात टाकून चार फूट पुढे नेली.

पावसाळ्यात आम्ही बोल्टवर आलो. बोल्ट म्हणजे कडी. जुन्या चाळीत दाराला जी आडवी लोखंडी कडी असते तिचीच ही श्रीमंत मावसबहीण. दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, की रिकामं काडतूस टुणकन बाहेर. पुढे ढकलायचा, की खालच्या पेटीतलं नवं काडतूस नळीत. खाली दाबला की कोयंड्यात घट्ट. मामाची माकडं अलास्कात असती तर त्यांचे हाल झाले असते. स्वयंचलित बंदुकीत हे काम गोळीच्याच धक्क्याने किंवा वायूने होतं, इथे हाताने करावं लागतं. म्हणून बिघडायला भाग कमी, चिखल-बर्फ सोसणारी, नेमाला चोख. १८९८ साली जर्मनीच्या पॉल माउझरने ही कडी अशी काही जमवून दिली की आजच्या बऱ्याचशा शिकारी रायफली तिच्याच लेकीसुना आहेत. तिच्यात एक पोलादी पंजा असतो. तो काडतूस पेटीतून वर येतानाच त्याची कड धरतो आणि मग आत नेतो. डोंबिवली स्टेशनात आई आधी पोराचं मनगट धरते आणि मग डब्यात शिरते, तसंच. दुसऱ्या प्रकारात काडतूस नुसतं पुढे ढकलतात. बहुतेक वेळा जातं. पण समोर अस्वल असताना ‘बहुतेक वेळा’ला अर्थ नाही, असं साडूंचं मत. आयुष्यात एकदा तरी त्यांचं मत मला पूर्ण पटलं ते हे.

जुलैमध्ये पडले गावाजवळ, मुसळधार पावसात, पुढे ट्रेलर, मागे भाजीचा टेम्पो, अशा स्थितीत साडूंनी प्रात्यक्षिक केलं. गाडी चालूच होती, पाय क्लचवर होता, आणि हाताशी दांडा असलेली एकच वस्तू होती, गिअर. “हे बघा,” ते म्हणाले. “उचल.” आमच्या गाडीत गिअरच्या दांड्याखाली एक कडं आहे. ते उचललं की रिव्हर्स पडतो. “ओढ. ढकल. आणि दाब!” दाबताना त्यांचा पाय क्लचवरून निघाला.

टेम्पोवाला उतरून आला. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. खाली वाकून काचेवर टकटक केली. “क्या भाईसाब, आगे रास्ता नहीं मिला तो पीछे से जाओगे?”

साडू खोटं बोलत नाहीत. “सॉरी. वो रायफल दिखा रहा था.”

टेम्पोवाल्याने मान आत घातली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे. “कहाँ है?”

“अभी लिया नहीं. निवड चालू है.”

आणि साडूंनी, खिडकीतून पाऊस आत येत असताना, त्याला अडीच महिन्यांचा सगळा अभ्यास सांगितला. .२७५, .३०-०६, .३७५, पंजा, दुर्बीण, अलास्का. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, डॉक्टर जुन्या पेशंटचं ऐकतो तसं. मग म्हणाला, “तीन सौ पंद्रह ले लो.”

“क्यों?”

“यही मिलती है. हमारे जौनपुर में जिसके पास है, यही है.”

“उधर जंगल है?” साडूंनी उत्सुकतेने विचारलं.

“जंगल काहे को? शादी में.”

एवढ्यात पुढचा ट्रेलर हलला. मागच्या भोंग्यांचा गजर सुरू झाला. टेम्पोवाला पळत जाऊन बसला आणि नुकसानभरपाईचा विषय राहून गेला. तो माणूस पुन्हा भेटला तर त्याच्या बंपरचे पैसे मी द्यायला तयार आहे. साडूंचं अजून ठरलेलं नाही.

त्याचं म्हणणं शंभर टक्के नसलं तरी नव्वद टक्के खरं होतं. परदेशी रायफल हौस म्हणून मागवता येत नाही, ती सवलत नामांकित नेमबाजांना. सामान्य माणसाच्या वाट्याला सरकारी कारखान्यात बनलेली .३१५, बंगालमधल्या इच्छापूरची. तिची जन्मकथा गमतीची आहे. सैन्याचं काडतूस .३०३ होतं. ते बाजारात आलं तर लोक काय करतील याचा इंग्रजांना नेम नव्हता. म्हणून हिंदुस्थानातल्या खाजगी माणसासाठी वेगळ्या मापाची रायफल निघाली. कडी सैनिकी ली-एनफिल्डच्या घराण्यातली, भोक मात्र आठ मिलिमीटरचं, म्हणजे पलटणीतली काडतुसं चोरली तरी तिच्यात जाऊ नयेत. तिची काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीत होतात. इंग्रज गेले, माप राहिलं. लग्नात बार काढणं हा २०१९च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा झाला आणि एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, हेही काकांनी सांगितलं. साडूंना दुसऱ्या आकड्याचंच वाईट वाटलं. तीनात निवडायला जास्त वाव होता.

परवान्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तब्येतीचा लागतो आणि हत्यार घरात सुरक्षित कुठे ठेवणार हे लिहून द्यावं लागतं. हा शेवटचा रकाना साडूंनी बायकोला, म्हणजे आमच्या मेव्हणीला, वाचून दाखवला. ती म्हणाली, “कुलपाचं कपाट एकच आहे. त्यात पैठण्या आहेत.” पुढची दहा मिनिटं नुसता कुकर वाजत होता.

मोठं सावज आणि निर्मनुष्य रान असं आपण म्हणतो तेव्हा जनावर रानात आहे असं गृहीत धरतो. २०१९च्या फेब्रुवारीत बिबट्या ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये आला. २०२२ साली कल्याण पूर्वेला एका सोसायटीत शिरला. दोन्ही वेळा वनखात्याची माणसं आली ती भुलीचं इंजेक्शन मारणारी बंदूक घेऊन. डिसेंबर २०२०मध्ये पुण्यात कोथरूडला गवा आला, साडूंच्या व्हिडिओत शोभेल असा. लोक मागे धावले, तो भिंतींमधून वाट शोधत राहिला आणि काही तासांनी पकडल्यावर मेला. त्या गर्दीत रायफल कोणाकडेच नव्हती, हातात मोबाईल होते. काकांनी हे सांगितलं त्या दिवशी देसाईच्या खाडीपासून खिडकाळीपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

मग मागचा मुलगा जागा झाला. “काका, तो स्वप्नील कुसाळे कोणती वापरतो?”

हे आम्हा तिघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी तालुका. तिथल्या दाजीपूरच्या रानात कोल्हापूरचे छत्रपती शिकार करत. १९५८ साली तिथे राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं, गव्यांचं. त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, पदकाच्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक आणलं. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या माणसाचं ऑलिंपिकमधलं वैयक्तिक पदक तेच. त्या प्रकारात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा. लक्ष्य पन्नास मीटरवर, मधलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर रुंद, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढं. रायफल .२२, एकेक गोळी हाताने भरायची.

“आणि कडीची,” काका म्हणाले.

साडूंनी आरशातून मागे पाहिलं. शीळफाट्याचा सिग्नल हिरवा होता, त्याचा कोणालाही उपयोग नव्हता. “.२२ने मूस मरेल?” त्यांनी विचारलं. काका नाही म्हणाले. साडूंनी मान डोलावली आणि म्हणाले, “मग .३१५. ठरलं. विषय बंद.” पैठण्या आहेत तिथेच आहेत आणि अर्ज भरलेला नाही. पण ठरलं आहे. माठापेक्षा ही प्रगती मोठी.

दुसऱ्या दिवशी काटई नाक्यावर त्यांनी दुर्बीण काढली. विषय काढला, दुर्बीण नव्हे. ८ बाय ४२ घ्यावी की १० बाय ४२? पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा भिंगाच्या मिलिमीटरचा. दहाने जास्त जवळ दिसतं पण हात थरथरला की चित्रही थरथरतं. आपले सलीम अलीसुद्धा लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून सुरुवात करून दुर्बिणीवर आले होते, असं साडू म्हणाले. पक्षी खाडीवर भरपूर आहेत आणि तिथे आम्ही थांबतोच.

सॉफ्टवेअरच्या मुलाला कंपनीने घरून काम दिलंय, त्यामुळे मागची डावीकडची जागा रिकामी आहे. डोंबिवलीतून महापेला जाणारं कोणी असेल तर सकाळी पावणेआठला मानपाडा रोडवर उभं राहावं. पेट्रोलचा चौथा हिस्सा द्यावा लागेल. दुर्बीण आधीपासून घरात असलेल्यांनी कृपया येऊ नये.